ते ‘एका टाक्याचं काम’ नव्हतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्याकडे एका वाचकाचं पत्र छापून आलं. त्यांच्या काकांच्या लहान आतड्याला भोक पडलं, तातडीने ऑपरेशन झालं आणि काका शुद्धीवर आले तेव्हा पोटाला, विष्ठा जमा होणारी पिशवी लावलेली होती. ‘भोक पेन्सिलीच्या टोकाएवढं. एका टाक्याचं काम. त्यासाठी सगळं पोट उघडलं आणि वर ही पिशवी कायमची गळ्यात मारली,’ असं त्यांनी लिहिलंय. त्यापुढे डॉक्टरांना जी विशेषणं लावली आहेत, ती मी इथे पुन्हा लिहीत नाही.

वाचून आधी माझा पारा चढला. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा लक्षात आलं, की तक्रारीचा पहिला अर्धा भाग चुकीचा आहे आणि दुसरा अर्धा, म्हणजे ‘आम्हाला कुणी काही समजावून सांगितलं नाही’ हा, अगदी खरा. दोन्हींबद्दल लिहिते. पत्र लांबणार आहे. कात्री लावायचीच तर माझ्याबद्दलच्या मजकुराला लावा, आतड्याला नको.

मी ३४ वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होते. सुरी कधी हातात धरली नाही, दुसऱ्याच्या हातात दिली. त्यामुळे हे डॉक्टरांचं मत समजू नका. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभं राहून जे दिसतं तेवढंच सांगतेय. अपघात, मार, सुरा लागणं यातली पोटं वेगळी. कसलाही मार न लागता आतडं आतल्या आत फुटतं, अशी पोटंही आमच्याकडे रात्री-अपरात्री येत. कुणाला टायफॉइड, कुणाला आतड्याचा टीबी, कुणी महिनोन्‌महिने वेदनाशामक गोळ्या घेतलेलं, कुणाला क्रोन्सचा, म्हणजे आतड्याला वारंवार सूज येण्याचा आजार. एका मुलाने खेळण्यातले दोन लोहचुंबक गिळले होते. ते आतड्याच्या दोन वेटोळ्यांत जाऊन एकमेकांना चिकटले आणि मधल्या दोन्ही भिंती चिमटून गेल्या. दोन चुंबक, दोन भोकं. त्याच्या आईला तो एक्स-रे दाखवला तेव्हा ती म्हणाली, ‘हे तर त्याने मला हरवलं म्हणून सांगितलं होतं.’

आता ‘एका टाक्या’कडे येते.

पोट उघडलं, की आधी हवा सुटल्याचा आवाज येतो आणि मग वास. त्या वासाची सवय होते असं नवीन मुलींना आम्ही सांगायचो, होत नाही. भोक शोधायला लगेच कुणी जात नाही. सक्शन लावून घाण ओढली जाते, त्यातला थोडा पू तपासणीसाठी बाटलीत जातो. एक-दीड लिटर द्रव निघणं यात विशेष काही नाही. मग सर्जन आतडं ‘चालवायला’ घेतात. लहान आतडं जिथे सुरू होऊन वळतं त्या कोपऱ्यापासून ते मोठ्या आतड्याला मिळतं तिथपर्यंत, हातभर हातभर, दोन्ही बाजू उलटून बघत. मोठ्या माणसाचं हे आतडं साधारण सहा मीटर असतं.

एका रात्री शेवटच्या टप्प्यातच भोक सापडलं. टायफॉइडचं भोक बहुतेक वेळा तिथेच असतं, शेवटच्या दोन फुटांत. रेसिडेंटने, म्हणजे शिकाऊ सर्जनने हात पुढे केला, मी सुई लावलेला होल्डर त्याच्या हातात ठेवला. मोठ्या सर्जन सरांनी तो काढून मला परत दिला. म्हणाले, ‘एक सापडलं म्हणजे एकच आहे असं तुला कुणी सांगितलं? चालव.’ वर आणखी दोन निघाली. त्यातलं एक तर पडद्यासारख्या पातळ झालेल्या भिंतीचं होतं, अजून फुटायचं होतं, बोट लावलं तर फुटलं असतं. तो टाका घालून पोट बंद केलं असतं, तर तीन दिवसांनी तोच पेशंट पुन्हा टेबलावर आला असता. आला असता तर.

म्हणून पोट एवढं उघडावं लागतं. काही ठिकाणी दुर्बिणीतूनही हे करतात, पेशंट स्थिर असेल आणि हात तयार असेल तर. पण फुगलेल्या, पू भरलेल्या पोटात आतड्याचा इंच न्‌ इंच बघायला जागा लागते.

भोक सापडल्यावर त्याच्याकडे बघूनच बरंच कळतं. टायफॉइडमध्ये आतड्याच्या भिंतीतल्या लसिकापेशींच्या चकत्या, ज्यांना पेयर्स पॅचेस म्हणतात, त्या सुजतात, सडतात आणि गळून पडतात. तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. या चकत्या आतड्याच्या मोकळ्या कडेवर, लांबीच्या दिशेने असतात, म्हणून जखमही लांबीच्या दिशेने असते. टीबीची जखम उलट, आतड्याला कडं घातल्यासारखी आडवी. ती भरताना आवळते, आतडं अरुंद होतं, आणि मग त्या अरुंद जागेच्या अलीकडे ताण येऊन आतडं फुटतं. तिथे नुसतं भोक शिवलं तर पुढचा अडथळा तसाच राहतो. तेवढा तुकडा काढूनच टाकावा लागतो. दोन्ही भोकं बाहेरून पेन्सिलीच्या टोकाएवढीच दिसतील, बरं का.

आणि शिवायचं म्हटलं तर टाका धरणार कशात? भोवतालची भिंत चांगली असेल तर कडा कापून ताज्या करतात, ती कड बायोप्सीला पाठवतात, आणि आडवे टाके घालतात म्हणजे आतडं चिंचोळं होत नाही. अशी शिवलेली आतडी कितीतरी वेळा सुखरूप राहिलेली मी पाहिली आहेत. पण भिंत सुजून लोण्यासारखी मऊ झाली असेल, तर सुई आरपार जाते आणि गाठ आवळली की दोरा भिंत कापत बाहेर येतो. ओल्या कागदाला टाका घालून बघा, म्हणजे समजेल.

जठराच्या लगतच्या आतड्याचं, अल्सरने पडलेलं भोक असेल तर गोष्ट निराळी. तिथे पोटातल्या चरबीच्या पदराचं ठिगळ भोकावर बसवतात. १९३७ मध्ये ग्रॅहम नावाच्या सर्जनने लिहिलेली ही रीत अजून चालते. त्या पेशंटना पिशवी लागल्याचं मला आठवत नाही. शेजारणीच्या यजमानांचं ‘तसंच ऑपरेशन’ पिशवीशिवाय झालं असं जे लोक सांगतात, ते बहुतेक वेळा हे असतं. पत्र लिहिणाऱ्या वाचकांनीही तशाच एका शेजाऱ्याचा दाखला दिलाय, म्हणून लिहिलं.

पण निर्णय एकट्या आतड्यावर होत नाही. अर्धा निर्णय असा माणूस घेतो ज्याला आतडं दिसतच नसतं. पडद्यापलीकडे, डोक्याशी बसलेल्या भूलतज्ज्ञ मॅडम म्हणतात, ‘प्रेशर वर येत नाहीये. औषध दुप्पट केलंय.’ तेवढ्या वाक्यावर टेबलावरचा बेत बदलतो. दोन दिवस विष्ठा पोटात सांडलेली, लघवी थांबलेली, रक्तदाब औषधावर टिकवलेला. अशा शरीरात आतड्याचा सांधा भरून येण्यासाठी लागणारं रक्त पोचत नसतं. अशा वेळी खराब तुकडा काढून किंवा भोक शिवून, त्याच्या अलीकडचं आतडं पोटाच्या भिंतीतून बाहेर आणतात. त्याला इलिओस्टोमी म्हणतात, आपण सगळे ‘पिशवी’ म्हणतो. घाण बाहेर जाते, आत सांडण्याजोगं काही उरत नाही, आणि माणसाला सावरायला वेळ मिळतो. मग कोमट सलाईनने पोट धुतात, पाच-सहा लिटर सहज. मॉप, म्हणजे पोटात टिपायला वापरलेली फडकी, मोजायचं काम माझं. पोट बंद करायचं, पण वरची कातडी बऱ्याचदा उघडीच ठेवायची, चार-पाच दिवसांनी जखम स्वच्छ दिसली की टाके. नातेवाईक ती उघडी जखम बघतात आणि म्हणतात, ‘टाकेसुद्धा नीट घातले नाहीत.’ त्या घाणीवर कातडी शिवली असती तर खाली पू साचून जखम उसवली असती.

हे सगळं मला पाठ होतं. आणि तरीही माझ्या धाकट्या भावाच्या वेळी मी चुकले.

त्याला ताप येऊन अठरा दिवस झाले होते. टायफॉइड आहे हे माहीत होतं, गोळ्या चालू होत्या. एकोणिसाव्या दिवशी सकाळी वहिनीचा फोन आला. ‘ताई, ताप एकदम उतरला, ९७ आहे. पण पोट दुखतंय म्हणतात.’ मी ड्यूटीवर होते, पुढची केस लागत होती. मी म्हटलं, ‘ताप उतरला ना? मग चांगलं आहे. संध्याकाळी बघू.’ टायफॉइडच्या तिसऱ्या आठवड्यात पोटात एकाएकी कळ यावी, ताप झपकन खाली यावा आणि नाडी मात्र पळत सुटावी, याचा अर्थ काय, हे मी शिकाऊ मुलींना शिकवलेलं आहे. वहिनीला नाडी मोजायला सांगणं मला सुचलं नाही. संध्याकाळी गेले तेव्हा पोट फळीसारखं कडक झालं होतं आणि तो श्वाससुद्धा वरवर घेत होता. दहा तास गेले होते. एक्स-रे काढला, त्यात श्वासपटलाखाली हवा, म्हणजे आतडं फुटल्याची खूण, दिसली नाही. लहान आतड्याच्या भोकात ती पुष्कळदा दिसतच नाही. हेही मला माहीत होतं. सीटी स्कॅनमध्ये दिसली.

ज्या रुग्णालयात नेलं तिथे मला आत सोडलं नाही. बरोबरच केलं. आयुष्यात पहिल्यांदा मी थिएटरच्या दाराच्या बाहेरच्या बाकावर बसले, आणि आतून एक सिस्टर बाहेर येऊन रक्ताच्या बाटलीची चिठ्ठी देऊन काही न बोलता आत गेली, तेव्हा मी किती लोकांशी असं वागले असेन याचा हिशोब करत राहिले.

त्याला पहिल्यांदा टाकाच घातला होता. एकच भोक, कडा बऱ्या, रक्तदाब बरा. तुमच्या वाचकांना हवं होतं तेच. पाचव्या दिवशी ड्रेनमधून, म्हणजे पोटात ठेवलेल्या नळीतून, हिरवट पाणी यायला लागलं. टाका सुटला होता. दुसरं ऑपरेशन, सडलेला तुकडा काढला, पिशवी आली. पहिल्या सर्जनने चूक केली का? मी खूप विचार केला आणि मला तसं वाटत नाही. त्या रात्री जे दिसलं त्यावरून मीही त्यांच्या हातात सुईच दिली असती. पण दुसऱ्या ऑपरेशननंतर त्याचे सोळा दिवस आयसीयूमध्ये गेले, आणि वीस मिनिटांत वाचवलेल्या पिशवीची किंमत काय असू शकते हे मी तिथे पाहिलं.

इथपर्यंत मी डॉक्टरांच्या बाजूने बोलले. आता वाचकांच्या बाजूने बोलते.

भाऊ शुद्धीवर आला, हात पोटाकडे गेला, काहीतरी कोमट, हलणारं हाताला लागलं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. बेशुद्धीत काय सांगणार, हे मान्य. पण पहिल्या ऑपरेशनच्या आधी तो शुद्धीत होता, तेव्हा ‘अशी वेळ येऊ शकते’ एवढं एक वाक्य बोलता आलं असतं. सहीच्या कागदावर ते वाक्य छापलेलं असतंच. त्या कागदावर सही घेण्याचं काम बहुतेक वेळा आमच्याकडे असायचं आणि आम्ही ‘इथे, आणि इथे’ एवढंच म्हणायचो.

घरी सोडताना त्याला दोन पिशव्या आणि पुढची तारीख मिळाली. बस.

आता गंमत बघा. (गंमत नाही, पण तोंडात हाच शब्द येतो.) त्याला सारखी तहान लागायची. पिशवी सारखी भरायची. आम्ही सगळे म्हणायचो, पाणी पी, भरपूर पी, शरीरातलं पाणी जातंय. तो तांबेच्या तांबे पाणी प्यायचा आणि पिशवी आणखी भरायची. नवव्या दिवशी पायात गोळे, डोळे खोल, लघवी कपभर. पुन्हा भरती, मूत्रपिंडं बसायला आली होती. तिथल्या एका तरुण निवासी डॉक्टर मुलीने मला विचारलं, ‘दिवसाला किती मिली भरते?’ आमच्यातल्या कुणालाच सांगता येईना. ३४ वर्षांची सिस्टर तिच्यासमोर गप्प उभी होती.

तिने मग सांगितलं ते असं. मोठं आतडं पाणी आणि मीठ शोषून घेतं, इलिओस्टोमीत ते वाटेतून बाजूला पडतं. पिशवीतून नुसतं पाणी जात नाही, त्याबरोबर भरपूर सोडियम जातं. त्यावर साधं पाणी ढोसलं की ते आतड्याच्या भिंतीतून आणखी मीठ स्वतःकडे ओढतं आणि ते घेऊनच बाहेर पडतं. म्हणजे जितकं प्यावं तितकं वाळत जावं. साखर-मिठाचं प्रमाणशीर पाणी, ओआरएस, घेतलं तर ग्लुकोज आपल्याबरोबर सोडियमला आत घेऊन जातं आणि त्यांच्या मागे पाणी जातं. सावरलेल्या पेशंटची पिशवी दिवसाला साधारण ५०० ते ८०० मिली भरते. दीड-दोन लिटरच्या वर गेली तर वाट बघायची नाही, डॉक्टरांना गाठायचं. आतड्याची गती कमी करणारी औषधं असतात, ती ते ठरवतात. पाच मिनिटांचं बोलणं. ते नऊ दिवस आधी झालं असतं तर?

मला हे ठाऊक नव्हतं याची मला अजून लाज वाटते. आमचं काम पेशंट ट्रॉलीवर गेला की संपायचं. शेकडो पोटांवर मी आतड्याच्या त्या लाल कळ्या बाहेर येताना पाहिल्या आणि पुढे त्यांचं काय होतं हे कधी विचारलं नाही.

कातडीची गोष्टही तीच. आतड्यातल्या पाचक रसाने कातडी भाजते, अक्षरशः. पूर्वी आतड्याचं तोंड कातडीच्या पातळीलाच सोडायचे, त्याने लोक हैराण व्हायचे. १९५२ मध्ये ब्रायन ब्रुक या ब्रिटिश सर्जननी आतडं बाहीच्या मुडपीसारखं उलटून दोन-अडीच सेंटिमीटर वर काढायची पद्धत मांडली, म्हणजे रस थेट पिशवीत पडतो. एवढी साधी गोष्ट. पण वहिनी पिशवीच्या चकतीचं भोक अंदाजाने, मोठं कापायची, ‘दाबायला नको’ म्हणून. उघड्या राहिलेल्या त्या कडेने कातडी सोलून निघाली. मापाची पट्टी पिशवीच्या खोक्यातच होती. सूज उतरते तसं तोंड लहान होतं, म्हणून सुरुवातीचे काही आठवडे माप पुन्हा पुन्हा घ्यायचं, हे तिला कुणी दाखवलं नव्हतं.

हे दाखवण्यासाठी वेगळा माणूस हवा, हे सुद्धा एका पेशंटमुळेच जगाला कळलं. नॉर्मा गिल या बाईंना स्वतःला इलिओस्टोमी होती. त्यांचे सर्जन रुपर्ट टर्नबुल यांनी १९५८ मध्ये त्यांनाच अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये कामावर घेतलं, दुसऱ्या पेशंटना शिकवायला. स्टोमा, म्हणजे पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड, सांभाळायला शिकवणाऱ्या स्टोमा नर्सचा पेशा तिथून सुरू झाला. त्यांच्याकडे नर्सिंगची पदवी नव्हती. माझ्याकडे होती.

तेव्हा माझं म्हणणं असं, की जिथे इलिओस्टोमी केली जाते तिथे हे शिकवणारा निदान एक माणूस नेमलेला असलाच पाहिजे, आणि त्याने शिकवल्याशिवाय पेशंटला घरी सोडू नये. पेशंटने किंवा घरच्याने स्वतःच्या हाताने दोनदा पिशवी बदलून दाखवावी, मग सुट्टी. मोजायचं भांडं आणि आकडे लिहायचा एक कागद सोबत द्यावा. जमेल तेव्हा ऑपरेशनपूर्वीच पेशंटला बसवून, उभं करून पोटावर जागेची खूण करावी, पोटाच्या वळीत आणि पट्ट्याच्या रेषेत पिशवी टिकत नाही. तातडीच्या केसमध्येही याला दोन मिनिटं लागतात. आणि बायोप्सीचा रिपोर्ट आणायला नातेवाइकांना बजावून सांगावं. टीबी निघाला तर सहा महिन्यांची औषधं लागतात, आणि कुणीच न नेलेला असा रिपोर्ट कपाटात पडून राहिलेला मी पाहिलाय.

भावाची पिशवी अकराव्या आठवड्यात बंद झाली. तात्पुरत्या इलिओस्टोमीचं आतडं बहुधा दोन-तीन महिन्यांनी, माणूस सावरला आणि वजन परत आलं की आत घेतात. तुमच्या वाचकांनी ‘कायमची’ असा शब्द वापरलाय. तसं त्यांना कुणी सांगितलं आहे, की कुणीच काही न सांगितल्याने त्यांनी ते धरून चाललंय, हे पत्रावरून कळत नाही. पुढच्या तारखेला जाताना हा एक प्रश्न त्यांनी कागदावर लिहून न्यावा. दुसरा प्रश्न, बायोप्सीत काय आलं. आणि काकांची पिशवी दिवसाला किती मिली भरते, हा आकडा घरात कुणाला माहीत नसेल, तर तारखेची वाट न बघता आज रात्रीपासून मोजायला लागा.

आपली,
एक निवृत्त थिएटर सिस्टर